उत्तर नव्या समीकरणांत बसते, पण मूळ समीकरणांत बसत नाही: ओळींचे रेषीय संयोग आणि सममूल्य प्रणाली

तीन अज्ञातांची तीन रेषीय समीकरणे दिलेली असतात. विद्यार्थी त्यांची मॅट्रिक्स (सहगुणक आणि स्थिर पदे आडव्या ओळींत व उभ्या स्तंभांत लिहिलेला तक्ता) मांडतो, एका ओळीतून दुसरी वजा करतो, प्रत्येक वजाबाकी पुन्हा तपासून पाहतो, आणि तरीही शेवटी मिळालेले उत्तर मूळ समीकरणांत घातले की डावी व उजवी बाजू जुळत नाही. आकडेमोडीत चूक सापडत नाही म्हणून तो तेच गणित पुन्हा त्याच रीतीने सोडवतो आणि पुन्हा तिथेच येऊन अडकतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला रेषीय बीजगणित शिकणाऱ्यांमध्ये ही अडचण इतक्या वेळा दिसते की तिचे कारण नीट उलगडून सांगणे आवश्यक वाटते. बहुतेक वेळा चूक आकडेमोडीत नसतेच. जुनी समीकरणे टाकून नवी घेताना जी अट पाळायला हवी, ती सुटलेली असते.

पुढील प्रणाली पाहा. ओळींना ओ१, ओ२, ओ३ अशी नावे दिली आहेत.

ओ१: क्ष + य + झ = ६
ओ२: २क्ष − य + झ = ३
ओ३: क्ष + २य − झ = २

हिची उकल क्ष = १, य = २, झ = ३ ही आहे आणि ती एकमेव आहे. आता एखाद्याने विचार केला की शेजारच्या ओळी एकमेकींतून वजा केल्या तर काही पदे जातील, आणि तिन्ही ओळींच्या जागी एकदम ओ१ − ओ२, ओ२ − ओ३ व ओ३ − ओ१ या ओळी लिहिल्या. मिळालेली समीकरणे अशी:

−क्ष + २य = ३
क्ष − ३य + २झ = १
य − २झ = −४

यातील प्रत्येक वजाबाकी बरोबर आहे. परंतु तिसऱ्या समीकरणावरून य = २झ − ४ आणि पहिल्यावरून क्ष = २य − ३ = ४झ − ११ मिळते, आणि या दोन्ही किमती दुसऱ्या समीकरणात घातल्या की १ = १ एवढेच उरते. झ ला कोणतीही किंमत द्यावी, समीकरणे समाधान पावतात. झ = ० घेतले तर (−११, −४, ०) ही उकल मिळते; ती नव्या तिन्ही समीकरणांत अचूक बसते, आणि मूळ पहिल्या समीकरणात मात्र डावी बाजू −१५ येते, जिथे ६ हवे होते.

असे का झाले, हे नव्या तिन्ही ओळींची बेरीज केल्यावर लगेच दिसते: ती ० = ० आहे. म्हणजे तिसरी ओळ पहिल्या दोन ओळींतूनच मिळणारी होती. कागदावर समीकरणे तीन दिसत असली तरी त्यांत माहिती दोनच समीकरणांची उरली होती. तीन भावंडांच्या वयांमधील फरक तेवढे सांगितले तर कोणाचेही वय ठरवता येत नाही, तसेच हे आहे. फरकांतून मूळ राशी परत मिळत नाहीत.

काही ओळींना प्रत्येकी एकेका संख्येने गुणून त्यांची बेरीज केली की जी ओळ मिळते, तिला त्या ओळींचा रेषीय संयोग म्हणतात. जुन्या समीकरणांची प्रत्येक उकल त्यांच्या कोणत्याही रेषीय संयोगाची उकल असतेच. म्हणून संयोग घेतल्याने उकली कधीही हरवत नाहीत. धोका उलट दिशेने असतो. नव्या समीकरणांना जास्तीच्या उकली असू शकतात, आणि त्या नसतील अशी खात्री तेव्हाच देता येते जेव्हा जुनी समीकरणेही नव्या समीकरणांचे रेषीय संयोग म्हणून परत मिळवता येतात. दोन प्रणालींपैकी प्रत्येकीतील प्रत्येक समीकरण दुसरीतील समीकरणांचा रेषीय संयोग असेल, तर त्या प्रणाली सममूल्य होत, आणि सममूल्य प्रणालींच्या उकली तंतोतंत सारख्याच असतात. या व्याख्येत ‘प्रत्येकीतील’ या शब्दावर सारा भार आहे, आणि पाठांतरात नेमका तोच शब्द गळतो.

वरच्या उदाहरणात परतीचा रस्ता नाही, हे आधीच ओळखण्याची खात्रीची रीत आहे. प्रत्येक नवी ओळ जुन्या ओळींच्या किती पटींनी बनली, ते गुणक एका चौरस मॅट्रिक्समध्ये लिहावेत. येथे ते (१, −१, ०), (०, १, −१) आणि (−१, ०, १) असे आहेत, आणि या मॅट्रिक्सचा निश्चयक (डिटरमिनंट, म्हणजे चौरस मॅट्रिक्सवरून काढली जाणारी एक संख्या) शून्य येतो. निश्चयक शून्य नसेल तर या गुणकांच्या मॅट्रिक्सला व्यस्त (तिची क्रिया उलटवणारी मॅट्रिक्स) असतो, आणि तो व्यस्तच जुन्या ओळी परत कशा मिळवायच्या ते सांगतो. अशा वेळी प्रणाली निश्चित सममूल्य असतात. निश्चयक शून्य आला तर त्या पायरीवर विश्वास ठेवू नये. (मूळ ओळींतच एखादी ओळ अनावश्यक असेल तर निश्चयक शून्य असूनही कधीकधी काही बिघडत नाही, पण ते नशिबावर सोडण्यात अर्थ नाही.)

हीच परीक्षा वजाबाकीऐवजी बेरजेला लावून पाहण्याजोगी आहे. ओ१ + ओ२, ओ२ + ओ३ आणि ओ३ + ओ१ या ओळी घेतल्या तर गुणकांचा निश्चयक २ येतो, त्यामुळे ही अदलाबदल निर्धोक आहे. पहिल्या व तिसऱ्या बेरजेतून दुसरी वजा करून निम्मे केले की ओ१ परत मिळते. परंतु चार समीकरणांवर हाच प्रयोग केला, म्हणजे ओ१ + ओ२, ओ२ + ओ३, ओ३ + ओ४ आणि ओ४ + ओ१ घेतल्या, तर पहिली व तिसरी यांची बेरीज दुसरी व चौथी यांच्या बेरजेइतकीच येते आणि एक समीकरण हातचे जाते. समीकरणांची संख्या विषम असेल तर ही युक्ती चालते, सम असेल तर चालत नाही. ‘मागच्या गणितात हेच केले होते आणि उत्तर बरोबर आले होते’ हा अनुभव म्हणूनच पुरावा ठरत नाही.

दर वेळी निश्चयक काढत बसण्याची गरज मात्र नाही. एका वेळी एकच ओळ बदलावी, आणि बदलताना नव्या ओळीत त्या जुन्या ओळीचा स्वतःचा वाटा शून्य नसावा, एवढे पथ्य पाळले तर प्रत्येक पायरी आपोआप उलटवता येण्याजोगी राहते. ओ२ च्या जागी ३ओ२ − २ओ१ लिहिणे योग्य आहे, कारण त्यात ओ२ तीन पट आहे. तीच ओळ ओ१ च्या जागी लिहिली तरीही चालेल, कारण त्यात ओ१ उणे दोन पट आहे. पण ओ३ च्या जागी ती लिहिली तर ओ३ पुसली गेली, आणि ती पुन्हा कुठूनही मिळणार नाही. दोन ओळींची अदलाबदल करायला कसलीच हरकत नाही.

‘एका वेळी एकच ओळ’ याचा अर्थ असा की पुढची पायरी नेहमी ताज्या मॅट्रिक्सवरून करायची. घाईने एकाच पायरीत ओ१ च्या जागी ओ१ + ओ२ आणि ओ२ च्या जागी ओ२ + ओ१ असे लिहिले, आणि दोन्ही वेळा जुन्याच ओळी वापरल्या, तर दोन्ही ओळी एकसारख्या होतात. तेच क्रमाने केले तर दुसरी ओळ ओ१ + २ओ२ अशी येते आणि काहीही हरवत नाही. वहीत तीन-तीन क्रिया एका बाणावर लिहिण्याची सवय याच ठिकाणी नडते. ज्या ओळीचा आधार घेऊन इतर ओळी बदलायच्या ती त्या पायरीत तशीच राहणार असेल, तर बाकीच्या सर्व ओळी एकदम बदलायला हरकत नाही. आधाराची ओळही त्याच पायरीत बदलणार असेल तर थांबावे आणि मॅट्रिक्स पुन्हा लिहावी.

हे पथ्य फार जुने आहे. चीनमधील ‘नऊ प्रकरणांचे गणितशास्त्र’ या प्राचीन ग्रंथाचे आठवे प्रकरण अशाच प्रणालींचे आहे, आणि लिऊ हुई यांनी इसवी सन २६३ मध्ये त्यावर भाष्य लिहिले. त्यातील पहिले उदाहरण धान्याच्या तीन प्रतींचे आहे: उत्तम प्रतीच्या ३, मध्यम प्रतीच्या २ आणि कनिष्ठ प्रतीच्या १ पेंढीपासून मिळून ३९ मापे धान्य निघते, २, ३ आणि १ पेंढ्यांपासून ३४, आणि १, २ व ३ पेंढ्यांपासून २६. तेथे अपूर्णांकांचा भागाकार न करता दुसऱ्या समीकरणाला पहिल्याच्या अग्रस्थानी असलेल्या ३ ने गुणून त्यातून पहिले समीकरण जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा वजा केले आहे. आपल्या भाषेत ती पायरी ३ओ२ − २ओ१ अशी, आणि तिच्यातून ५य + झ = २४ मिळते. तिसऱ्याला त्याच रीतीने ३ओ३ − ओ१ केले की ४य + ८झ = ३९ मिळते, आणि पुढे या दोघांवरून ३६झ = ९९. म्हणून झ = २ ३/४, य = ४ १/४ आणि क्ष = ९ १/४. प्रत्येक पायरीत बदलणाऱ्या ओळीचा गुणक ३ किंवा ५ आहे, शून्य कुठेही नाही, त्यामुळे अखेरचे उत्तर मूळ प्रश्नात बसणार याची हमी आधीच मिळालेली आहे. तेथे समीकरणे मोजणीच्या फळीवर काड्यांनी उभी मांडत, आपण ती आडवी लिहितो. गणित तेच राहते.

आडवे-उभे हा फरक आपल्या मांडणीत मात्र निर्णायक ठरतो, कारण चुकीचा दुसरा मोठा उगम तोच आहे. निश्चयकाची किंमत काढताना ओळींवर आणि स्तंभांवर दोन्हीकडे क्रिया करता येतात, आणि ती सवय प्रणाली सोडवताना तशीच पुढे येते. समजा वरच्या पहिल्या प्रणालीत कोणी दुसऱ्या स्तंभातून पहिला स्तंभ वजा केला. नवी समीकरणे क्ष + झ = ६, २क्ष − ३य + झ = ३ आणि क्ष + य − झ = २ अशी होतात आणि त्यांची उकल (३, २, ३) येते. ती मूळ पहिल्या समीकरणात घातली तर ६ ऐवजी ८ मिळतात. समीकरण म्हणजे स्तंभांचा रेषीय संयोग, आणि अज्ञात राशी हे त्या संयोगाचे गुणक. स्तंभ बदलले की गुणकांचा अर्थही बदलतो. येथे पहिल्या स्थानी आलेला ३ हा क्ष नसून क्ष + य आहे. मॅट्रिक्सला डावीकडून गुणले तर तिच्या ओळींचे संयोग होतात आणि उजवीकडून गुणले तर स्तंभांचे, हे एकदा मनात पक्के झाले की हा गोंधळ उरत नाही. प्रणाली सोडवताना फक्त ओळींवरच क्रिया कराव्यात, आणि उजवीकडील स्थिर पद हा ओळीचाच भाग समजून तिच्यासोबत न्यावा.

सहगुणकांत अक्षर असेल तर हाच दोष लपून येतो. क्ष + कय = १ आणि कक्ष + य = १ ही प्रणाली घ्या. ओ१ च्या जागी कओ१ − ओ२ लिहिले तर (क² − १)य = क − १ मिळते, आणि पायरी निर्दोष वाटते. पण क = ० असेल तर नव्या ओळीत ओ१ चा वाटाच उरत नाही; दोन्ही समीकरणे य = १ एवढेच सांगतात आणि क्ष मोकळा सुटतो, जरी मूळ प्रणाली क्ष = १, य = १ असे स्पष्ट सांगत होती. येथे ओ२ च्या जागी ओ२ − कओ१ लिहिणे हा योग्य मार्ग आहे, कारण त्यात ओ२ चा गुणक १ आहे आणि क ची किंमत काहीही असली तरी तो शून्य होत नाही. त्यानंतर (१ − क²)य = १ − क येथे भागाकार करण्यापूर्वी क = १ आणि क = −१ या किमती वेगळ्या काढाव्यात: क = १ असता उकली अनंत आहेत, क = −१ असता एकही नाही, आणि इतर सर्व किमतींसाठी क्ष = य = १/(१ + क).

आता या विषयातील दुसऱ्या नेहमीच्या प्रश्नाकडे वळू: दोन प्रणाली दिल्या आहेत, त्या सममूल्य आहेत का ते दाखवा. पहिली प्रणाली क्ष + २य − झ = ० व २क्ष + ५य + झ = ० अशी, आणि दुसरी क्ष + य − ४झ = ० व ३क्ष + ७य = ० अशी आहे. दुसरीतील पहिले समीकरण पहिलीचा संयोग आहे का, हे पाहण्यासाठी प आणि फ हे गुणक शोधायचे असतात, आणि येथे बरेच जण अडखळतात, कारण त्या शोधासाठी जी नवी समीकरणे तयार होतात त्यांत जुन्या ओळी उभ्या उतरतात. प(१, २, −१) + फ(२, ५, १) = (१, १, −४) याचा अर्थ प + २फ = १, २प + ५फ = १ आणि −प + फ = −४ असा आहे. पहिल्या दोहोंवरून फ = −१ आणि प = ३ मिळते; पण तेथेच थांबू नये, तिसऱ्या समीकरणात या किमती घालून पाहाव्यात. येथे −३ − १ = −४ जुळते. उजवीकडे −४ च्या जागी −३ असते तर ते जुळले नसते आणि असे गुणक अस्तित्वातच नाहीत असा निष्कर्ष निघाला असता. ‘गुणक सापडले, पण पडताळा चुकतो’ ही तक्रार बहुधा हे शेवटचे समीकरण तपासायचे राहिल्यामुळे येते.

दुसरीतील दुसरे समीकरण म्हणजे पहिलीच्या दोन समीकरणांची साधी बेरीज आहे. एवढ्यावर सममूल्यता सिद्ध होत नाही. उलट दिशाही दाखवावी लागते. दुसरीच्या ओळींना ब१ आणि ब२ म्हटले तर पहिलीच्या ओळी (ब१ + ब२)/४ आणि (३ब२ − ब१)/४ अशा मिळतात, आणि आता काम पूर्ण झाले. हाताने गुणक शोधणे कंटाळवाणे वाटत असेल तर दोन्ही मॅट्रिक्स पायऱ्यांच्या पूर्ण लघुरूपापर्यंत न्याव्यात, म्हणजे प्रत्येक ओळीच्या अग्रस्थानी (शून्य नसलेल्या पहिल्या जागी) १ आणि त्याच्या स्तंभात इतरत्र शून्य येईपर्यंत, आणि ही अग्रस्थाने ओळीगणिक उजवीकडे सरकत जाईपर्यंत. हे रूप प्रत्येक मॅट्रिक्ससाठी एकच असते, मग तेथवर कोणत्याही क्रमाने पोहोचा. वरील दोन्ही प्रणाली (१, ०, −७) आणि (०, १, ३) या ओळींवर येतात, म्हणून त्या सममूल्य आहेत आणि त्यांची सामाईक उकल (७झ, −३झ, झ) आहे. माझ्या मते परीक्षेतही हाच मार्ग पत्करावा, कारण यात दोन्ही दिशा एकदमच सिद्ध होतात. दोन प्रणालींतील समीकरणांची संख्या सारखी असायलाच हवी असे नाही. लघुरूपात पूर्ण शून्य असलेल्या ओळी उरतील त्या सोडून बाकीच्यांची तुलना करावी.

येथे एक अपवाद ठाऊक असावा. काही पुस्तकांत ‘उकली सारख्या त्या सममूल्य’ अशी व्याख्या असते, तर काहींत रेषीय संयोगांची. ज्या प्रणालींना निदान एक तरी उकल आहे, त्यांच्यासाठी दोन्ही व्याख्या एकच निर्णय देतात: प्रणालीच्या प्रत्येक उकलीला जे समीकरण लागू पडते, ते प्रणालीत घातल्याने उकलींचा संच आटत नाही, म्हणून सहगुणकांचा रँक (एकमेकींतून न मिळणाऱ्या ओळींची संख्या) वाढत नाही, म्हणजेच ते समीकरण आधीच्यांचा संयोग असते. उकल नसलेल्या प्रणालींत मात्र फरक पडतो. क्ष + य = १, क्ष + य = २ ही एक प्रणाली, आणि क्ष − य = १, क्ष − य = २ ही दुसरी; दोघींनाही उकल नाही, पण पहिलीच्या कोणत्याही संयोगातून क्ष − य तयार होत नाही. उत्तर लिहिण्यापूर्वी आपल्या अभ्यासक्रमातील व्याख्या कोणती ते पाहून घ्यावे.

आतापर्यंतचे बहुतेक दोष जास्तीच्या किंवा भलत्याच उकली देणारे होते, आणि मूळ समीकरणांत उत्तर घालून पाहिले की ते उघड होतात. उकली हरवण्याचा दोष मात्र त्या पडताळ्यात सापडत नाही, आणि त्याचे सर्वांत सामान्य कारण दशांशांत केलेली काटछाट हे आहे. ३क्ष + ७य = १० आणि ६क्ष + १४य = २० ही दोन समीकरणे वास्तविक एकच आहेत. पहिल्याला ३ ने भागून कोणी क्ष + २.३३य = ३.३३ असे लिहिले, आणि त्याची सहा पट दुसऱ्यातून वजा केली, तर ०.०२य = ०.०२ उरते; त्यावरून य = १ आणि क्ष = १ येते. हे उत्तर दोन्ही मूळ समीकरणांत अचूक बसते, म्हणून सोडवणारा निश्चिंत होतो, आणि इतर अनंत उकली नजरेआड राहतात. (८, −२) हीसुद्धा त्यांपैकीच एक. जेथे शून्य यायला हवे होते तेथे ०.०२ आले, आणि त्याला खरी संख्या समजून भागाकार झाला.

हाताने सोडवताना अपूर्णांक अपूर्णांकाच्याच रूपात ठेवावेत, किंवा धान्याच्या उदाहरणाप्रमाणे गुणाकार करून पूर्णांकांतच राहावे. संगणकावर किंवा गणकयंत्रावर सोडवत असाल आणि एखाद्या ओळीत इतरांच्या मानाने फारच लहान संख्या उरली असेल, तर तिने भागण्यापूर्वी त्या ओळीपर्यंतच्या पायऱ्या एकदा अपूर्णांकांत करून पाहाव्यात आणि ती संख्या खरोखर शून्य आहे की नाही ते ठरवावे.